लंडनच्या पोटातल्या नद्या आणि त्यांना वाट लावून देणारा इंजिनिअर : जोसेफ बॅझलजेट

फोनवर मॅप उघडा आणि लंडन सर्च करा. शहराच्या मधोमध थेम्स नदी वळणं घेत जाताना दिसेल. आता त्याच मॅपवर फ्लीट नदी शोधा. फ्लीट स्ट्रीट नावाचा रस्ता सापडेल, पण नदी कुठेच दिसणार नाही.

गंमत म्हणजे ती नदी आजही वाहते आहे! लंडनच्या क्लार्कनवेल भागात रे स्ट्रीट नावाचा छोटा रस्ता आहे. तिथल्या एका जुन्या पबसमोर रस्त्यात लोखंडी जाळी आहे. त्या जाळीपाशी उभं राहिलं की खालून पाण्याचा आवाज येतो. तीच फ्लीट.

अशा अनेक नद्या आणि ओढे लंडनच्या रस्त्यांखाली गाडले गेले आहेत. शहर त्यांना विसरलं, पण एका माणसाला विसरून चालणार नव्हतं. त्याने या नद्यांना धरूनच एक अशी सिस्टिम उभी केली की लाखो लोकांचे जीव वाचले. ती सिस्टिम आज दीडशे वर्षांनंतरही चालू आहे. त्या माणसाचं नाव सर जोसेफ बॅझलजेट. चला, आज त्यांची गोष्ट जाणून घेऊया.

आधी हे समजून घ्या : नद्या गायब कशा झाल्या?

लंडन थेम्सच्या काठावर वसलं, तेव्हा उत्तर आणि दक्षिणेकडच्या टेकड्यांवरून बरेच ओढे येऊन थेम्सला मिळत होते. उत्तरेकडे फ्लीट, टायबर्न, वेस्टबोर्न, वॉलब्रूक आणि दक्षिणेकडे एफ्रा ही त्यातली काही नावं.

शहर वाढलं तसा या ओढ्यांचा वापर बदलला. खाटीक, चांभार आणि घराघरांतला कचरा, सगळं ओढ्यात जाऊ लागलं. पाणी काळं पडलं, वास सुटला. मग लोकांनी सोपा उपाय केला : वरून विटांची कमान बांधायची, त्यावर रस्ता करायचा आणि विसरून जायचं. फ्लीटचा एक मोठा तुकडा १७३० च्या दशकात झाकला गेला आणि त्यावर बाजार भरू लागला. थेम्सपर्यंतचा उरलेला भाग १७६० च्या दशकात झाकला गेला.

वेस्टबोर्नचं नशीब थोडं वेगळं. १७३० मध्ये तिला बांध घालून हाइड पार्कमधला सर्पेंटाइन तलाव तयार करण्यात आला. बाकीचा प्रवाह पुढे झाकला गेला. थोडक्यात काय, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनचे बहुतेक ओढे छप्पर असलेली गटारं बनले होते.

इथे एक टेक्निकल मुद्दा लक्षात ठेवा. नदी झाकली तरी तिचा उतार बदलत नाही. पाणी आधी जिकडे जायचं तिकडेच जातं. हा मुद्दा या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहे.

बॅझलजेट नक्की कोण होते?

जोसेफ विल्यम बॅझलजेट यांचा जन्म २८ मार्च १८१९ रोजी लंडनच्या उत्तरेला एनफिल्ड इथे झाला. आडनाव इंग्लिश वाटत नाही ना? बरोबर आहे. त्यांचे आजोबा फ्रान्समधून आलेले शिंपी होते आणि राजपुत्राचे कपडे शिवून त्यांनी चांगला पैसा कमावला होता. वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी.

जोसेफ यांनी शिक्षण घेतलं ते थेट कामावर. वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास ते सर जॉन मॅकनील या इंजिनिअरच्या हाताखाली रुजू झाले. तिथे त्यांना आयर्लंडमध्ये पाणथळ जमिनीतलं पाणी काढून ती वापरात आणण्याचं काम मिळालं. सपाट जमिनीवरून पाणी कसं न्यायचं, किती उतार द्यायचा, गाळ कुठे साठतो, हे सगळं त्यांनी तिथे चिखलात उभं राहून शिकून घेतलं.

१८४२ मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्वतःचं ऑफिस थाटलं. तेव्हा इंग्लंडमध्ये रेल्वेचं वेड लागलं होतं. जो तो नवी लाइन टाकायला निघाला होता आणि इंजिनिअर लोकांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. बॅझलजेट यांनी इतकं काम अंगावर घेतलं की १८४७ च्या सुमारास त्यांची तब्येत पूर्ण ढासळली. आजच्या भाषेत सांगायचं तर बर्नआउट! काही काळ त्यांना सगळं सोडून गावाकडे विश्रांती घ्यावी लागली.

बरे होऊन परत आल्यावर, १८४९ मध्ये त्यांनी लंडनच्या गटारांची जबाबदारी असलेल्या कमिशनमध्ये नोकरी धरली. सहायक सर्व्हेअर म्हणजे तशी साधीच पोस्ट. त्यांच्या वरचे मुख्य इंजिनिअर फ्रँक फॉर्स्टर कामाच्या ताणाखाली असतानाच १८५२ मध्ये वारले आणि ती खुर्ची बॅझलजेट यांच्याकडे आली. १८५६ मध्ये शहरासाठी मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स ही नवी संस्था स्थापन झाली आणि तिचेही मुख्य इंजिनिअर तेच झाले.

प्रॉब्लेम काय होता?

तेव्हा लंडनची लोकसंख्या २४ लाखांच्या आसपास होती. आधी घरांखाली मैल्याचे खड्डे असायचे आणि ते उपसून मैला शेतांवर नेला जायचा. मग फ्लशचे संडास आले. फ्लश म्हणजे प्रत्येक वेळी बादलीभर पाणी, त्यामुळे खड्डे भराभर भरून वाहू लागले. त्यावर उपाय म्हणून घरांच्या मोऱ्या थेट गटारांना जोडायला सांगण्यात आलं. पण ही गटारं म्हणजे काय, तर तेच जुने झाकलेले ओढे. आणि ओढे जातात कुठे? थेम्सला. आणि लंडनच्या बऱ्याच भागांना प्यायचं पाणी कुठून मिळायचं? थेम्समधूनच!

परिणाम भयंकर झाला. बंगालमधून पसरलेला कॉलरा, म्हणजे पटकी, १८३१ मध्ये इंग्लंडला पोहोचला होता. १८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये सुमारे १४ हजार माणसं मेली. १८५३-५४ मध्ये आणखी १० हजारांहून जास्त.

डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवतीचे मृत्यू मोजून दाखवलं की रोग पाण्यातून पसरतोय. पण बहुतेक डॉक्टर आणि अधिकारी घाणेरड्या हवेलाच दोष देत राहिले. वास गेला की रोग जाईल, असा तेव्हाचा पक्का समज. बॅझलजेटही त्याच समजुतीचे होते.

१८५८ चा उन्हाळा : वासाने संसद हलली

बॅझलजेट यांचा प्लॅन १८५६ पासून तयार होता. पण तो टेबलावरून टेबलावर फिरत होता. सरकारचं म्हणणं, घाण शहरापासून अजून लांब सोडा. बोर्डाचं म्हणणं, त्याचा खर्च कोण करणार? दोन वर्षं अशीच गेली.

मग जून १८५८ मध्ये कडक उन्हाळा पडला. थेम्सचं पाणी कमी झालं, काठावरची घाण तापली आणि असा वास सुटला की नदीकाठच्या संसद भवनात बसणं अशक्य झालं. खिडक्यांचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून लावले, तरी उपयोग होईना. इतिहासात हा प्रकार ग्रेट स्टिंक, म्हणजे महादुर्गंधी, म्हणून ओळखला जातो.

हजारो लोक मेले तेव्हा जे झालं नाही, ते खासदारांच्या नाकाला वास आल्यावर झालं. अवघ्या १८ दिवसांत कायदा पास झाला आणि बोर्डाला काम करायला पैसा आणि मोकळीक मिळाली. जॉन स्नो मात्र हे बघायला राहिले नाहीत. त्याच जूनमध्ये, १६ तारखेला, त्यांचं निधन झालं.

सिस्टिम चालते कशी?

आता येऊया मेन टेक्नॉलॉजीकडे. बॅझलजेट यांची आयडिया ऐकायला एकदम सोपी आहे.

लंडनचे जुने ओढे उत्तर-दक्षिण वाहत थेम्सला मिळतात. बॅझलजेट यांनी त्यांना आडवी जाणारी, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी मोठी भुयारी गटारं आखली. थेम्सच्या उत्तरेला तीन पातळ्यांवर आणि दक्षिणेला दोन. ओढा खाली येताना या आडव्या गटाराला भेटतो, त्यातलं पाणी तिथेच अडवलं जातं आणि पूर्वेला शहराबाहेर नेलं जातं. थेम्सपर्यंत घाण पोहोचतच नाही.

स्टेप बाय स्टेप बघू :

१. घरातलं सांडपाणी रस्त्याखालच्या गटारात जातं.
२. रस्त्याखालचं गटार जुन्या ओढ्याच्या भुयारात उतरतं.
३. ओढा आडव्या मुख्य गटारात रिकामा होतो.
४. मुख्य गटार उताराने पूर्वेकडे जातं. उतार किती? एक किलोमीटरला जेमतेम ३८ सेंटिमीटर! इतका हलका उतार सगळीकडे नेमका ठेवायचा, तोही लेझर आणि जीपीएस नसताना.
५. नदीकाठचं सखल भागातलं पाणी आपोआप पुढे जाऊ शकत नाही. तिथे वाफेवरचे पंप ते उचलून वर आणतात. उत्तरेला अ‍ॅबी मिल्सचं पंपिंग स्टेशन पाणी सुमारे ११ मीटर वर उचलायचं.
६. शेवटी उत्तरेची घाण बेक्टनला आणि दक्षिणेची क्रॉसनेसला मोठ्या टाक्यांत साठते. ओहोटी सुरू झाली की ती थेम्समध्ये सोडायची, म्हणजे समुद्राकडे वाहून जाईल आणि भरतीबरोबर शहरात परत येणार नाही.

आकडे बघा : मुख्य गटारं सुमारे १३२ किलोमीटर, रस्त्यांखालची गटारं जवळपास १,८०० किलोमीटर आणि विटा सुमारे ३१ कोटी ८० लाख. हे सगळं गजबजलेल्या शहराच्या खाली, मजुरांनी कुदळ-फावड्याने खणून केलं.

अंड्याचा आकार आणि सिमेंटची टेस्ट

रस्त्याखालची बरीच गटारं अंड्याच्या आकाराची आहेत, निमुळतं टोक खाली. हा आकार बॅझलजेट यांचा शोध नव्हे, पण त्यांनी तो मोठ्या प्रमाणावर वापरला. कारण साधं आहे. पाणी कमी असताना ते तळाच्या अरुंद जागेतून जोरात वाहतं, त्यामुळे गाळ बसत नाही. पाणी वाढलं की वर रुंद जागा तयार असतेच.

दुसरी गोष्ट सिमेंटची. तेव्हा पोर्टलँड सिमेंट नवीन होतं आणि इतक्या मोठ्या सरकारी कामात त्यावर कोणी भरवसा ठेवत नव्हतं. पाण्याखाली ते जबरदस्त घट्ट होतं, पण भट्टीत बनवताना जरा चूक झाली तर माल बाद. बॅझलजेट आणि त्यांचे सहकारी जॉन ग्रँट यांनी त्यावर नियम केला : साइटवर येणाऱ्या सिमेंटची ताकद मोजायची आणि नापास झालेला माल परत पाठवायचा. आज आपण ज्याला क्वालिटी कंट्रोल म्हणतो तेच हे. त्या विटा आणि ते सिमेंट अजूनही जागेवर आहे.

पाऊस आला तर? ओढाच सेफ्टी व्हॉल्व्ह!

लंडनच्या गटारांत सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकत्रच जातं. शेवटी ते मुळात ओढे होते, त्यामुळे टेकडीवरचा पाऊसही त्यातच उतरणार. बॅझलजेट यांनी हिशोब केला की दिवसभरात साधारण ६ मिलिमीटर पाऊस सिस्टिममध्ये मावेल. पण ढगफुटीसारखा पाऊस आला तर? सगळा पाऊस मावेल एवढं गटार बांधायचं तर खर्च परवडणारा नव्हता.

मग त्यांनी असं केलं : ओढा जिथे मुख्य गटाराला भेटतो तिथे एक बुटका बंधारा ठेवला. रोजचं पाणी बंधाऱ्याच्या अलीकडेच मुख्य गटारात पडतं. पाणी खूप वाढलं की ते बंधारा ओलांडून ओढ्याच्या जुन्या मार्गाने सरळ थेम्समध्ये जातं. घरांत मैला तुंबण्यापेक्षा पावसाने पातळ झालेली घाण कधीतरी नदीत गेलेली परवडली, हा त्यामागचा विचार.

म्हणजे ज्या नद्या लंडनने झाकून टाकल्या, त्यांचीच तोंडं या सिस्टिमची इमर्जन्सी एक्झिट बनली.

आणि ओढ्याला गृहीत धरलं तर काय होतं, हेही लवकरच दिसलं. जून १८६२ मध्ये जगातली पहिली भुयारी रेल्वे फ्लीटच्या शेजारून खणली जात होती. अचानक फ्लीटचं भुयार फुटलं आणि मैलापाणी रेल्वेच्या बोगद्यात घुसलं. रेल्वेचं उद्घाटन १८६३ च्या जानेवारीपर्यंत लांबलं.

नदीत रस्ता : एम्बँकमेंट

थेम्सच्या उत्तर काठाने मुख्य गटार न्यायचं तर तिथला गजबजलेला रस्ता खणावा लागणार होता. बॅझलजेट यांनी वेगळाच मार्ग काढला. नदीतच भिंत बांधली, मागे भराव घातला आणि नवीन जमीन तयार केली. तीच व्हिक्टोरिया एम्बँकमेंट, १८७० मध्ये खुली झाली. तिच्या पोटात मुख्य गटार आहे, गॅसच्या पाइपांसाठी वेगळं भुयार आहे आणि भुयारी रेल्वेसुद्धा आहे. वर रुंद रस्ता, झाडं आणि बागा. आज तिथे सेल्फी काढणाऱ्या बहुतेकांना पायाखाली काय चाललंय याचा पत्ताही नसतो.

चुकीचं कारण, बरोबर उत्तर

१८६५ मध्ये क्रॉसनेसचं पंपिंग स्टेशन राजपुत्राच्या हस्ते सुरू झालं. पण लगेच पुढच्या वर्षी, १८६६ मध्ये, कॉलरा परत आला आणि पूर्व लंडनमध्ये साडेपाच हजारांहून जास्त माणसं गेली. मग एवढा खटाटोप वाया गेला का?

उलट झालं. साथ नेमकी त्या भागात पेटली होती जिथे नवी सिस्टिम अजून जोडलेली नव्हती, कारण अ‍ॅबी मिल्सचं काम अपूर्ण होतं. शिवाय तिथल्या पाणीपुरवठ्यात दूषित पाणी शिरल्याचं समोर आलं. जिथे गटारं पूर्ण झाली होती ते भाग बऱ्यापैकी वाचले. स्नो यांचं म्हणणं मरणानंतर खरं ठरत होतं. १८६८ मध्ये अ‍ॅबी मिल्स सुरू झालं आणि त्यानंतर लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ पुन्हा आली नाही.

बॅझलजेट वास घालवायला निघाले होते. पण त्यासाठी त्यांनी घाण आणि पिण्याचं पाणी वेगळं केलं, आणि रोग तिथेच थांबला.

पण घाण गेली कुठे?

हा प्रश्न खाली राहणाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली. बेक्टन आणि क्रॉसनेसला घाण स्वच्छ न करताच नदीत सोडली जात होती. शहराचा प्रश्न सुटला, पण तो पूर्वेकडे सरकला होता.

३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी प्रिन्सेस अ‍ॅलिस ही प्रवासी बोट एका जहाजाला धडकून याच भागात बुडाली. ६०० हून जास्त माणसं मेली. थोड्याच वेळापूर्वी तिथे मैलापाणी सोडलेलं होतं. पोहता येणाऱ्यांनाही ते पाणी जिवावर बेतलं, अशी चर्चा पेटली. नदीच्या घाणीला आपली सिस्टिम जबाबदार नाही, अशी बाजू बॅझलजेट मांडत राहिले. सरकारी चौकशीने मात्र ती मान्य केली नाही.

शेवटी घाणीतला गाळ टाक्यांत बसवून वेगळा करायचं ठरलं. १८८७ पासून तो गाळ जहाजाने समुद्रात नेऊन टाकला जाऊ लागला. त्या पहिल्या जहाजाचं नाव काय ठेवलं माहितेय? बॅझलजेट! मान म्हणायचा की टोमणा, तुम्हीच ठरवा. समुद्रात गाळ टाकणं हा खरा उपाय नव्हता, हे कळायला जगाला आणखी शंभर वर्षं लागली.

शेवटची वर्षं

बॅझलजेट यांनी लंडनला बॅटरसी, पटनी आणि हॅमरस्मिथ हे पूलही दिले. १८७५ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. १८८४ मध्ये ते इंग्लंडच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. १८८९ मध्ये जुनं बोर्ड बंद झालं आणि तेही निवृत्त झाले. १५ मार्च १८९१ रोजी विम्बल्डन इथे त्यांचं निधन झालं. व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर त्यांचा एक छोटा पुतळा आहे. त्यावरच्या लॅटिन ओळीचा आशय असा की यांनी नदीला बेड्या घातल्या.

मग आज काय परिस्थिती आहे?

बॅझलजेट यांनी सिस्टिम सुमारे साडेचौतीस लाख लोकांसाठी डिझाइन केली होती. आज लंडनमध्ये जवळपास ९० लाख लोक राहतात. बागा आणि मोकळ्या जमिनी जाऊन काँक्रीट आलं, त्यामुळे पाऊस जिरत नाही, थेट गटारात येतो. जी इमर्जन्सी एक्झिट कधीतरी उघडायला हवी होती, ती अलीकडच्या काळात किरकोळ पावसातही उघडू लागली आणि दरवर्षी कोट्यवधी टन घाण थेम्समध्ये जाऊ लागली.

म्हणून लंडनने थेम्सखालून २५ किलोमीटर लांब आणि सुमारे ७ मीटर रुंद बोगदा खणला, थेम्स टाइडवे टनेल. २०२५ मध्ये तो पूर्णपणे जोडला गेला. तो काय करतो? जुन्या ओढ्यांच्या तोंडाशी पुन्हा एकदा पाणी अडवतो. म्हणजे बॅझलजेट यांचीच आयडिया, व्हर्जन २.०! आणि जिथे फ्लीट थेम्सला मिळते, त्या ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळ या बोगद्याच्या कामातून जो नवीन चौक तयार झाला, त्याला नाव दिलंय बॅझलजेट एम्बँकमेंट.

तुम्हाला हे बघायचं असेल तर

लंडनला कधी गेलात, किंवा तिथे कोणी नातेवाईक असतील, तर स्लोन स्क्वेअर मेट्रो स्टेशनवर जायला सांगा. प्लॅटफॉर्मवरून वर पाहिलं की एक जाड लोखंडी पाइप आडवा गेलेला दिसतो. त्यातून वेस्टबोर्न नदी वाहते. खाली ट्रेन, वर नदी! क्रॉसनेसला जुनं वाफेचं इंजिन दुरुस्त करून ठेवलंय. आणि बेक्टनकडे जाणाऱ्या मुख्य गटाराच्या डोक्यावर आता ग्रीनवे नावाचा चालायचा रस्ता आहे.

लंडनला जायचं नसेल तरी हरकत नाही. आपल्याच शहराचा मॅप उघडा. नदी नसताना पूल म्हटला जाणारा चौक, उगाच वळणं घेत जाणारा रस्ता, दर पावसाळ्यात तुंबणारी तीच ती गल्ली दिसते का बघा. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, इथे आधी काय होतं? बऱ्याचदा उत्तर एकच येईल : ओढा.